मोबाईलवरचं पॉलीहाऊस

माझं पॉलीहाऊस आता माझ्याशिवाय चालतं. आमचा मुलगा हे पाहुण्यांना कौतुकानं सांगतो आणि मी शेजारी बसून कुढत असतो.

अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी बजावलं, की दुपारच्या उन्हात त्या प्लास्टिकच्या भट्टीत पाऊल टाकायचं नाही. झालं. मुलानं मला आणि त्याच्या आईला वळसंगच्या शेतावरून उचललं आणि सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. स्वतः बायकोला घेऊन शेतावर राहिला आणि पॉलीहाऊसातल्या रोपवाटिकेत यंत्र बसवलं. मधोमध तारेला एक पांढरी डबी टांगली, तो सेन्सर. हवा कोरडी पडली की डबी दाराजवळच्या कंट्रोलरला कळवते, कंट्रोलर वरचे फॉगर सोडतो आणि ट्रेमधल्या रोपांवर पाण्याचं धुकं उतरतं. पूर्वी हे सगळं मी करायचो. दारातून आत शिरलो, की चेहऱ्याला लागणाऱ्या हवेवरून कळायचं, नळी हातात घ्यायची की नाही.

आतली ऊब, ओल सगळं मोबाईलवर दिसतं. मी दिवसभर तेच बघत बसतो, दाढी करतानासुद्धा. सुरुवातीला माझ्या मोबाईलवर फॉगर चालू करायचं बटणही होतं. हात शिवशिवले की दाबायचो. अति ओलीनं टोमॅटोची रोपं बुडातून कुजली, तेव्हा मुलानं ते बटण काढून टाकलं. आता मला नुसतं बघता येतं. बघायचं आणि करायचं काहीच नाही, याच्याइतकी वाईट शिक्षा मला माहीत नाही. रागाच्या भरात दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

अशात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी खुरपी, कोयते, फवारणीचा पंप, सगळं धुऊन पूजेला मांडतात, आणि पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. बिनपाण्याची रोपं मात्र सण पाळत नाहीत. म्हणून मी पाण्याची नळी पूजेला ठेवायचो आणि एक जुनी झारी मुद्दाम पूजेतून वगळायचो, तिच्यावर दिवस काढायचो. यंदा झारीची गरज नव्हती. यंत्र पूजा करून घेणार आणि कामही करणार. गड्यांना सुट्टी होती.

मुलानं व्हिडिओ कॉल लावला. कंट्रोलरला विभूतीचे पट्टे ओढले, हळद-कुंकू लावलं. मग झेंडूची घसघशीत माळ पाण्यात बुडवून आणली आणि मधल्या पांढऱ्या डबीभोवती नीट गुंडाळली.

"हीच तर सगळी राखण करती की," तो म्हणाला.

"लई छान दिसतंय रे," त्याची आई म्हणाली. मलाही छानच वाटलं. इतक्या वर्षांत नळीला कधी एवढी मोठी माळ मिळाली नव्हती, एवढंच मनात आलं.

पुरणपोळी झाली. बायको आडवी झाली. मी मोबाईल उघडला, तर पॉलीहाऊसमध्ये भरपूर ओल दाखवत होता. फॉगर बंद. बरं वाटलं. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं, ओल तेवढीच. बाहेर गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल पापडासारखा कडक झाला होता. ऑक्टोबरातल्या दुपारी सोलापुरात एवढी ओल? माझे ओठ तडकलेले आणि हा मोबाईल श्रावण दाखवतोय! आत ढब्बू मिरचीची कोवळी रोपं होती, दसरा झाला की शेतकरी न्यायला येणार होते.

मुलाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सुनेचाही तसाच. सणाचं जेवण अंगावर आलं असणार. खोलीत येरझाऱ्या घातल्या. बायकोला उठवावं तर ती मला दाराबाहेर पडू देणार नाही, हे पक्कं ठाऊक होतं. मी चपला हातात घेतल्या आणि जिना उतरल्यावर पायात घातल्या.

अक्कलकोट रोडला गावाकडं जाणारी वडाप मिळाली. जीप भरलेली होती, पण माझा अवतार बघून ड्रायव्हर कानडीत म्हणाला, "बर्री अण्णा, कुंद्री," या, बसा, आणि पुढची जागा दिली. रस्ताभर मी मोबाईल बघत होतो. फॉगर बंद. गाडी जिथं तिथं थांबत होती, माणसं निवांत चढत-उतरत होती, आणि मला प्रत्येकाचा राग येत होता.

फाट्यापासून शेतापर्यंत चालत गेलो. खरं तर पळालोच, जमेल तसा. कंट्रोलरवर सगळं ठीक असल्याचा हिरवा दिवा लागलेला. दार उघडलं आणि तोंडावर कोरडी झळच आली. रोपांनी माना टाकल्या होत्या, ओळीच्या ओळी. छातीत धडधडत होतं, ते पळाल्यामुळं की रोपं बघून, कुणास ठाऊक. वर बघितलं. ओल्या झेंडूत गुंडाळलेली ती डबी तेवढी गारव्यात होती. तिला बिचारीला कसं कळावं, की बाकी सगळे होरपळतायत?

माळ ओढून काढली, डबी सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि तिच्याखाली उभा राहिलो. जरा वेळानं वर खुसखुस झाली आणि फॉगर सुटले. धुकं माझ्या डोक्यावर, चष्म्यावर उतरलं. मला एवढा आनंद झाला, की मी मोठ्यानं हसलो. मी लागतो! माझ्याशिवाय चालत नाही! रोपं सुकली याचं दुःख होतं, पण त्याहून हा आनंद मोठा होता, हे मी लपवणार नाही.

मग मी एका उलट्या क्रेटवर बसलो.

तेवढ्यात मुलगा धावत आला. बायको उठली होती, मी दिसलो नाही म्हणून तिनं फोनवर फोन करून त्याला जागं केलं होतं. तो दारात थबकला. मी माळ उंच धरली. "बघ! तुझ्या यंत्राला सणाची झोप लागली हुती. मी आलो नसतो तर गेली हुती रोपं."

तो जवळ येऊन गुडघ्यांवर बसला, माझं मनगट धरलं. त्याचा हात गार पडला होता.

"रोपं मेली तर परत टाकता येत्यात, अप्पा," तो म्हणाला. "तुमाला कुटनं आनायचं?"

आणि तो रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, दाढीमिशीवाला. आत आल्यापासून त्यानं एकाही ट्रेकडं बघितलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, "काय न्हाय झालं रे, गप," म्हणालो. आणि तेव्हासुद्धा, त्याच्या खांद्यावरून, मागच्या ओळीतली रोपं मान वर काढतायत का, ते मी बघत होतो.