नळीआत्याचं लेबल

रक्तपेढीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी तिथल्या फ्रीजरची घरघर आठवली की नळीआत्याला आजही गलबलून येतं. रुग्णाला दिलेल्या प्रत्येक पिशवीतलं थोडं रक्त नळीत भरून फ्रीजरमध्ये राखायचं आणि नळीवर स्वतःच्या हाताने लेबल लावायचं, हा तिचा शिरस्ता. वर्षभराने नळ्या टाका असा हुकूम निघाला, तो तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडला. साहेब म्हणायचे, ही बाई वर जाताना स्वतःला लेबल लावूनच जाईल. भाचरांनी तर 'नळीआत्या' म्हणून तिचं बारसंच करून टाकलं होतं.

ती नोकरीत असतानाच धाकट्या भावाच्या रक्तात एड्सचा विषाणू निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि कुठूनसं एक पत्रक त्याच्या हाती पडलं: विषाणू निरुपद्रवी आहे, माणूस मरतो तो गोळ्यांनी. बुडत्याला काडीचा आधार. त्याने गोळ्या बंद केल्या. आत्या भांडली, रडली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच सुमारास इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी या दाव्याची शहानिशा करायला घेतली आणि आत्याच्या जुन्या नळ्या कामी आल्या. विषाणूची तपासणी नव्हती, गोळ्याही नव्हत्या, अशा काळातल्या होत्या त्या. एकाच वॉर्डात, एकाच प्रकारच्या शस्त्रक्रियेत रक्त चढवलेले चाळीस जण निवडले. पुढे आजारी कोण पडलं ती यादी बाईंनी कुलपात ठेवली. आत्याला फक्त नळ्यांचे क्रमांक दिले. तीन आठवडे ती तपासत होती.

मग यादी उघडली. विषाणू असलेलं रक्त अकरा जणांना गेलं होतं. त्यातल्या नऊ जणांना एड्स झाला. उरलेल्या एकोणतीस जणांत एकालाही नाही. आणि गोळी तर कुणी पाहिलीही नव्हती.

भावाने निकालाचा कागद दोनदा वाचला.

"ताई, तुला काय निघावं असं वाटत होतं?"

"तू खरा निघावास," ती म्हणाली. "रोज देवाला तेच सांगत होते."

मग त्याने पिशवीतून गोळ्यांची न उघडलेली बाटली काढली.

"यावर तुझं लेबल लाव. मग घेतो."

आता त्याने साठी ओलांडली आहे, पोटही सुटलंय. नवी बाटली मिळाली की अजून तो आधी ताईकडे येतो. वयामुळे तिचं अक्षर आता वाकडं येतं. ती तारीख घालेपर्यंत तो झाकण उघडत नाही.