एका बिजागरीची पेटी

काल यांचा चष्मा ठेवायला माझी पुस्तकांची पेटी उघडली, तर झाकण तिरकं होऊन बोटांवर आदळलं. याचं मूळ म्हणजे चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. हे फिरत्या दवाखान्याची मोटार चालवत. केनवडला आमच्या खोलीसमोर ती उभी होती. फिनेल आणि पेट्रोलचा वास उन्हात मिसळला होता. मी विहिरीवरून पाणी घेऊन आले, तर मोटारीतलं सकाळपासून लोंबणारं घडीचं टेबल घट्ट बसलेलं आणि माझ्या पेटीची एक बिजागरी गायब. वडील त्याच वर्षी गेले होते. त्यांच्या हातची ती पेटीच तेवढी उरली होती. “माह्या बापाची पेटी मोडाले तुमाले काही वाटलं नाही?” मी ओरडले. “अवं, मोडली कुठी? पेटी एका बिजागरीवर बी उघडते. टेबलावर औषधाच्या बाटल्या राह्यतात.” “मंग तुमच्या डोक्याची काढून लावाची होती!” “कारंज्याहून नवी आणतो,” हे हसत म्हणाले. त्या हसण्यानं माझा जीव आणखी जळला. आठवडाभर मी अबोला धरला आणि ताट आदळून वाढलं. नंतर हे कारंज्याला कितीदा तरी गेले. काल, हे गेल्याच्या समाचाराला आलेली माणसं ओसरीवर बसली होती, तरी ठणकणारं बोट धरून मी यांनाच मोठ्यानं विचारलं, “आणली काय बिजागरी?”