घर त्या करारात येत नाही

तिच्या पोटऱ्या मी छातीशी आवळून धरल्या होत्या आणि कमरेपासून वरची ती सगळी अकराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर होती. "आजी, धर! आजी, धर!" ती ओरडत होती. एवढं मराठी तिला मीच शिकवलं होतं. मी तशीच मागे बसले. माझं मनगट तिच्या पायाखाली चौकटीवर चेपलं आणि मोडलं. मग तिचा हात चौकटीला लागला आणि ती माझ्या अंगावर येऊन पडली.

ती सिंगापूरला टॅम्पिनीसच्या आमच्या घरी काम करणारी इंडोनेशियाची मुलगी. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. काच बाहेरूनही पूस, असं मीच म्हटलं.

"आजी, बाहेर नको. सर नको म्हणतात."

"सर काचा पुसतात का?" असं म्हणून मीच खिडकीच्या जाळीचं कुलूप उघडलं. बाहेर वाकून पुसताना तिचा तोल गेला.

समोरच्या इमारतीतून कोणीतरी पोलिसांना फोन केला. तिचे सर, म्हणजे माझा मुलगा, तांजोंग पगारच्या ऑफिसातून धावत आला. माझा हात बघितला आणि म्हणाला, "आई, जाळी तिनंच उघडली असं सांगायचं. कुलूप लावून ठेवीन असं मी तिला कामाला ठेवताना सरकारला लिहून दिलंय."

"मग तिचं काय?"

"परत पाठवतील."

मुलगी दारातच उभी होती. 'परत' तिला कळतं.

हा माझा मुलगा ऑफिसात देशादेशांचे व्यापाराचे करार वाचतो. मागे एकदा जेवताना सांगत होता, आता त्यांत कामगारांचंही लिहितात. जबरदस्तीनं राबवायचं नाही, धोक्याचं काम लादायचं नाही, नाहीतर त्या देशाचा माल अडवता येतो. मी विचारलं, "मग आपल्या हिचं कुठे लिहिलंय?" तो हसला. "आई, ते माल बनवणाऱ्यांचं. घर त्यात येत नाही." मी भात वाढला. चौथीपर्यंत शिकलेली मी, कलमं मला कळत नाहीत. कुलूप कोणी उघडलं ते कळतं.

पोलीस अधिकारी आला. मला विचारलेल्याचं उत्तर मुलगाच इंग्रजीत देऊ लागला. मी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि छातीवर हात मारला. "मी ओपन. शी नो. मी."

"आई, गप्प बस."

"तू गप्प बस."

मुलीला परत पाठवलं नाही. इथेच राहायचं का, असं तिला विचारलं. ती नाही म्हणाली. आता ती दुसऱ्या घरी कामाला आहे. मी तिची माफी मागितली, तेव्हा तिने नुसती मान हलवली. मुलाला ऑफिसच्या वेळात चौकशीला जावं लागलं. "पोटच्या पोराला अडकवलंस," म्हणाला.

"मग काय, तिला अडकवू?"

तो अजूनही माझ्याशी फारसं बोलत नाही. मलाही भांडायचा कंटाळा आलाय. प्लास्टर निघालं, पण पोळी लाटताना मनगट दुखतं.

ती सव्वीस वर्षांची, मी चौऱ्याहत्तर. त्या दुपारी आम्ही दोघीही वाचलो.