शेंगांचा चोथा

सिंकमध्ये हळदीचं पिवळं पाणी तुंबलं आहे आणि खालचं कचरा दळायचं यंत्र नुसतं घुं घुं करतं आहे. काल मी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली. सगळ्यांनी शेंगा चोखून चोखून खाल्ल्या आणि ताटांतला चोथा मी त्या यंत्रात लोटला. तेव्हापासून ते अडकलं आहे.

"आई, धागे चालत नाहीत त्याला. कितीदा सांगायचं!" मुलगा बटण बंद करून ओट्याखाली वाकला आणि किल्लीने यंत्र फिरवू लागला.

"दळायला आणलंय ना? मग दळू दे की."

सून म्हणाली, "त्यापेक्षा आई, शेंगा करूच नका आता."

या यंत्राचं पथ्य माझ्यापेक्षा कडक. भात नको, तेल नको, कणसाची सालं नकोत. आधी थंड पाणी सोडायचं, मग बटण दाबायचं. रविवारी बर्फ आणि लिंबाची साल घालून त्याचे दात घासायचे. आजाऱ्याचंही कुणी एवढं करत नाही. माझे दात पडले तेव्हा घरात शेंगा बंद झाल्या नव्हत्या. मी बोटांनी गर काढून खायला शिकले. आता मोरीच्या भोकाला चावत नाही म्हणून माझी आमटी बंद!

शेवटी यंत्र सुटलं आणि पाणी गुडगुडत गेलं. मी सुनेच्या हातात पिशवी दिली.

"येताना शेंगा आण, चांगल्या गराच्या. चोथा मी कढीपत्त्याच्या कुंडीत घालीन."

"आई, परत?"

"हो. त्या यंत्राला म्हणावं, आज तुझा उपास."