डोळ्यात डोकावणारे डॉक्टर

माधवराव डॉक्टरांकडे कोणी गुडघा दुखतो म्हणून गेला, तरी ते आधी त्याला काळ्या पडद्याआड स्टुलावर बसवत आणि छोट्या दिव्याच्या यंत्रातून त्याच्या डोळ्यात डोकावत. "तोंड खोटं बोलेल, डोळ्यातल्या शिरा नाही बोलत," हे ते मला दिवसातून दहा वेळा ऐकवत. मी नुकताच डॉक्टर होऊन बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या त्यांच्या दवाखान्यात हाताखाली लागलो होतो. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवत असे.

तेव्हा प्रांतांची नवी मांडणी चालली होती. बुऱ्हाणपूर महाराष्ट्रात जाणार की मध्यप्रदेशात, यावर बाकावरचे रोगी हमरीतुमरीवर येत. डॉक्टर बाहेर येऊन सांगत, "जो जास्त चिल्लावेल, त्याचं ब्लडप्रेशर पहिले घेईन." बाक लगेच गप्प व्हायचा.

एकदा निंबोल्याहून सुपडू पाटील आले. केळीचे बागाईतदार, ब्लडप्रेशर भलतंच चढलेलं. त्यांचे डोळे पाहून डॉक्टर म्हणाले, "पाटील, तुमच्या विहिरीवर मोट आहे. मोठा पाट ठीक आहे, पण केळीच्या रांगांत जाणारे बारीक दांड सगळीकडून आवळले, तर काय होईल?"

"पाणी पोचणार नाही. बैलाले जोर लावा लागंल."

"बस. तुमच्या अंगातल्या बारीक शिरा तशाच आवळल्यात. बैल म्हणजे तुमचं काळीज. जोर लावून लावून थकतंय ते."

"मंग पाटच फुटंल एखांद्या दिवशी."

"फुटतो ना. कधी कधी डोक्यातला फुटतो."

पाटील गंभीर होऊन गेले. सर्पगंधेच्या गोळ्या, मीठ कमी, सगळं सांगितलेलं. महिन्याने परत आले ते दीडपट होऊन.

"थकल्या बैलाले कोणी उपाशी ठेवतं का, डाक्टरसाब? रोज वाटीभर तूप आन् डिंकाचे लाडू चारले त्याले."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि मग पोट धरून हसले. "गलती माझीच. उदाहरण अर्धंच सोडलं. पाटील, या बैलाला चारा नको, आराम द्या." हे पाटलांना पटलं.

स्वतः डॉक्टर मात्र आराम हा शब्द दुसऱ्यांसाठीच राखून ठेवत. जेवण उभ्याउभ्या. दुपारी डोकं ठणकायला लागलं की कानशिलं दाबत रोगी तपासत. मी यंत्र हातात घेतलं की म्हणत, "माझे डोळे नंतर. आधी बाहेरची लाइन पहा." त्यांचे वडील अशाच एका दुपारी बोलता बोलता कोसळले होते. गावभरचे डोळे पाहणारा हा माणूस स्वतःचे दाखवायला घाबरत होता. मला त्यांचा रागही यायचा आणि भीतीही वाटायची.

पोळ्याच्या दिवशीही दवाखाना उघडा होता. पाटील पुरणपोळीचा डबा घेऊन आले, अंगाने उतरलेले, हसतमुख. डॉक्टर एका हाताने कानशील दाबत होते. पाटलांनी घटकाभर पाहिलं, पुढे झाले, त्यांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप अलगद काढला आणि खुंटीला अडकवला.

"आज पोळा हाय, डाक्टरसाब. आज कोन्याच बैलाच्या मानेवर जू राहत नाही. तुमचा बैलबी सोडा."

डॉक्टरांनी खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठले आणि मुकाट्याने काळ्या पडद्याआड स्टुलावर जाऊन बसले.

मी दिवा लावला. शिरा बारीक झाल्या होत्या, जागोजागी आवळलेल्या, तांब्याच्या तारेसारख्या चकाकत होत्या.

"किती आवळल्यात?"

"बऱ्याच," मी खरं ते सांगितलं. "पण फुटलेली अजून एकही नाही."

"मग माझ्या नावाच्या गोळ्या काढ," ते म्हणाले. "आणि त्या डब्यातली पोळी अर्धी तुला, अर्धी मला."

दुसऱ्या दिवसापासून दुपारचा दवाखाना मी पाहू लागलो. डॉक्टर पुढे बरीच वर्षं जगले आणि दर पोळ्याला डोळे दाखवायला येऊन बसत. आता ते नाहीत. पोळ्याला मी दवाखाना बंद ठेवतो. स्टेथोस्कोप खुंटीला असतो आणि माझी डॉक्टर झालेली मुलगी मला त्याच स्टुलावर बसवते. बाहेरची लाइन पहा, असं म्हणायची सोय त्या दिवशी नसते.