नवमीच्या ताटात लसूण

भादव्यातला पितृपंधरवडा आला की मला अजून राग येतो. वर्षभर जी माणसं एकमेकांना विचारत नाहीत, ती त्या पंधरा दिवसांत मेलेल्यांच्या आवडीनिवडी काढत बसतात. तिला अमुक आवडायचं, त्याला तमुक लागायचं, फार उपकार आहेत हो त्यांचे आपल्यावर. मी थोडं ऐकून घेते आणि उठून आत जाते. घरातले म्हणतात, भादव्याच्या उन्हानं हिचं डोकं तापतं. तापू दे.

आमचं गाव खामगावापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. नवीन राज्य झालं म्हणून शाळेत साखर वाटली, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात माझी माय काविळीनं गेली. मी नऊ वर्षांची होते. घरात माझा बाप आणि त्याचा थोरला भाऊ, दोघांचं शेत एक आणि चूलही एक. त्या थोरल्या भावाला मी मोठे बाबा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मोठी माय. तिला मूलबाळ नव्हतं. मायला मी एकटीच.

माय गेली तेव्हा दारात जमलेल्या बायका काय म्हणाल्या ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "सोनं झालं बाईचं. भरल्या कपायानं गेली." नवरा जिवंत असताना मेली म्हणून ती नशीबवान. औषधावाचून चार आठवडे पिवळी पडत गेली, त्याचं कुणी काही बोललं नाही.

नवऱ्याच्या आधी जी बाई जाते तिचं श्राद्ध पितृपंधरवड्यातल्या नवमीला करतात, अविधवा नवमीला. त्या दिवशी एका सवाष्णीला बोलावतात, मेलेल्या बाईच्या नावानं पाटावर बसवतात, तिला पोटभर जेवू घालून ओटी भरतात. ताटात गेलेल्या बाईच्या आवडीचा एक पदार्थ तरी हवाच. तो नसला तर ती उपाशी उठते, असं आमच्याकडे मानतात.

वर्ष झाल्यावर मायची पहिली नवमी आली. आदल्या दिवशी मोठ्या मायनं माझ्या बापाला विचारलं, "भावजी, तिच्या आवडीचं काय करू?"  बाप म्हणाला, "मांडे कर. पुरनाचे. तिच्या हातचे मांडे दुसऱ्या कोनाले जमतच नव्हते."

झालं, ठरलं. पुढं चार वर्षं मायच्या नवमीला मांडे झाले.

मांडे म्हणजे काय ते ज्यानं फक्त खाल्लेत त्याला कळायचं नाही. वस्त्रगाळ कणीक तिंबून तिंबून मऊ करायची, पुरण भरायचं आणि ती पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची. मग चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर ती अंगावरच्या कपड्यासारखी अलगद पसरायची. खापर लालबुंद. मायच्या दोन्ही हातांवर मनगटाच्या वर केस उरले नव्हते. दसऱ्याला, दिवाळीला, मोठ्या बाबांकडे पाहुणे उतरले की, खापर चढायचं. आधी पाहुणे, मग घरातले पुरुष, मग सालदार, मग मी. पुरुष मांड्यावर तूप ओतून घ्यायचे आणि बोटं चाटत म्हणायचे, वा, काय हात आहे. शेवटी दोघी जावा एका ताटात बसायच्या. तोवर चूल विझलेली असायची. त्यांच्या ताटात काय असायचं ते मला आठवत नाही, कारण मी खाऊन उंडारायला गेलेली असायची. याचा राग मी दुसऱ्या कुणावर काढू?

पहिल्या नवमीला गल्लीतल्या सुताराची बायको सवाष्ण म्हणून आली. भली बाई. ती पाटावर बसली आणि मोठी माय मला म्हणाली, "गरम वाढ. हात आखडू नको. आज ते तुही माय हाये." खापरावरून उतरलेला मांडा मी तिच्या ताटात घातला. वर वाटीभर तूप ओतलं. वाफ येत होती. मोठे बाबा दारात उभं राहून पाहत होते. म्हणाले, "लय केलं बाईनं या घरासाठी. पोटभर वाढा तिले." बाप मान खाली घालून डोळे पुसत होता.

मी गोठ्यात गेले आणि गव्हाणीवर डोकं टेकून रडले. सगळ्यांना वाटलं, पोरीला मायची आठवण आली. आठवण कसली, मला संताप आला होता. जिवंत होती तेव्हा हे तूप कुठं होतं? तेव्हा एकानं तरी म्हणायचं होतं, बाई, तू बस, एक गरम खाऊन घे. आमच्या लोकांना बाई मेल्याशिवाय तिला भूक लागते हेच कळत नाही.

मी चौदा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात बापही गेला. तापाचं निमित्त झालं. वर्ष व्हायचं होतं म्हणून त्या भादव्यात घरी पितर झाले नाहीत. पुढच्या भादव्यात अष्टमीला मी स्वतःच कणीक चाळायला बसले. माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती. मनात होतं, सासरी जाण्याआधी मायची ही नवमी मी माझ्या हातानं करीन. वाकडेतिकडे का होईना, मांडे मला जमू लागले होते.

मोठे बाबा बाहेरून आले. ओट्यावर बसून सुपारी कातरता कातरता म्हणाले, "हे काय चाल्लं?"

"उद्या नवमी हाये ना, मायची."

"नवमी सरली आता," ते म्हणाले. "नवरा गेला मंग ते अविधवा कशी राह्यली? आता तुह्या बापाच्या तिथीले दोघाईचं एकच ताट."

मला आधी नीट कळलंच नाही. माय तर सहा वर्षांपूर्वीच गेली होती. भरल्या कपाळानं गेली म्हणून तिचं कौतुक केलेलं. आता नवरा मेला म्हणून मेलेल्या बाईचं कुंकू पुसायला निघाले होते. मी विचारलं, "मंग माय काय खाईन?"

"तो खाईन तेच."

त्यांच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. ते वाईट नव्हते, खामगावच्या बाजारातून माझ्यासाठी न चुकता बांगड्या आणायचे. जन्मभर मला हेच नडलं. वाईट असते तर भांडून मोकळी झाले असते.

मी चाळण तशीच टाकून चुलीपाशी गेले. मोठी माय भाकरी थापत होती. म्हटलं, "तू तरी बोल काही." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. माझा तोल गेला. जे तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, चार वर्षं दुसऱ्या बाईला पाटावर बसवून तूप ओतलंस, माझ्या मायला एक तरी मांडा गरम दिलास का कधी? तुम्ही सगळ्यांनी तिला राबवून मारलं आणि वरून उपकार मानायचं नाटक केलं.

तिनं हातातला उंडा परातीत आपटला.

"तुह्या मायले गोड चालतच नव्हतं," ती म्हणाली. "पुरन पोटात गेलं का उमासे यायचे तिले. मांडे करून करून त्या वासानंच तिचं पोट भरे. एक घास खात नव्हती ते."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मंग खाये काय?"

"अंबाडीची भाजी. जवारीच्या कन्या टाकून शिजवेल, अन् वरून लसनाची फोडनी, चरचरीत. तुमचं समद्याईचं झालं का आमी दोघी मांडे ठेवून देवो अन् भाजी-भाकर खावो. एका ताटात."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"इचारलं कोनं मले? तुह्या बापाले इचारलं मी, त्यानं मांडे म्हनलं. तिचा नवरा तो. त्याच्या म्होरं मी काय सांगू? अन् पित्तराले लसून चालते का?"

इतकं बोलून तिनं उंडा पुन्हा हातात घेतला. 

त्या रात्री माझ्या बापाबद्दल मी जे मनात बोलले ते इथं लिहिणार नाही. बारा वर्षं संसार केला. बायकोला जे चांगलं करता येत होतं, तेच तिला आवडत असणार असं धरून चालला. मेल्यावर चार वर्षं तिच्या नावानं तिला उमासे आणणारं अन्न वाढलं, तेही डोळे पुसत पुसत. आणि मीच माझ्या हातानं वर तूप ओतलं.

नवमीला सकाळी मी शेतात गेले. कापसाच्या पऱ्हाटीच्या कडेनं अंबाडी कमरेएवढी झाली होती. ओटीभर पाला खुडून आणला. उकडून त्याचं आंबट पाणी काढून टाकलं, ज्वारीच्या कण्या शिजवल्या, दोन्ही घोटलं. मग कढईत तेल तापवलं आणि सोलून ठेचलेला लसूण टाकला, मूठभर. वर लाल मिरची. पितृपंधरवड्यात ज्या घरात लसणाची पाकळीसुद्धा सोलत नाहीत, त्या घरात फोडणीचा वास ओट्यापर्यंत गेला. तो तिथवर जावा म्हणूनच मी हात सैल सोडला होता.

बाहेरून मोठ्या बाबांचा आवाज आला, "पित्तराच्या दिवसात लसून कोन फोडून राह्यलं बे?"

 मोठी माय आत आली. आता कानाखाली बसणार हे धरून मी उभी राहिले. तिनं कढईत पाहिलं. मग मोरीवर जाऊन हातपाय धुऊन आली. कोनाड्यातल्या करंड्यातलं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावलं. सुताराची बायको बसायची तो पाट भिंतीशी उभा होता, तो मांडला आणि त्यावर बसली.

"वाढ," ती म्हणाली.

मी भाजी वाढली. फोडणीचं तेल वरून घातलं. तव्यावरची भाकरी सरळ तिच्या ताटात टाकली. तिनं चतकोर मोडली, बोटं पोळली म्हणून फुंकली आणि घास घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तिखट झालं," ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

मोठे बाबा दारात आले. कपाळावर आठ्या होत्या. पाटावर बायको बसलेली पाहून ते थबकले. लसणाचं काय म्हणायचं होतं ते राहून गेलं. "मले वाढ," ते म्हणाले, "वावरात जाचं हाये."

तिनं वर पाहिलं नाही. "बसा जरा. मी जेवून राह्यली."

त्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मोठ्या बाबांनीही बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते ओट्यावर जाऊन बसले.

माझा राग काही गेला नव्हता. समोर बसलेल्या बाईवरही नव्हता गेला. तरी मी विचारलं, "मोठे माय, तुले काय आवडते?"

तिचा हात ताटातच थांबला. ती आठवू लागली. खरंच आठवू लागली, चुलीकडे पाहत, बराच वेळ. तिला चाळीस वर्षं कुणी हे विचारलं नव्हतं, आणि मीही तिच्याच हातचं खाऊन एवढी झाले होते.

"मले काहीबी चालते," ती शेवटी म्हणाली. "गरम असलं म्हंजे झालं."

बाहेर मोठे बाबा दोनदा खोकले. मी पुढची भाकरी तव्यावरून काढली आणि तिच्याच ताटात टाकली.