दाराची पट्टी

सीताबर्डीवरचा तो मिस्त्री मोटारीचं दार एका बोटानं लावायचा आणि कान देऊन ऐकायचा. ‘टक्’ असा आवाज आला की मान हलवायचा, बस्स.

वडिलांच्या जुन्या, उघड्या टपाच्या मोटारीची बॉडी चासीच्या सांगाड्यावरून उचलायची होती. दारं काढून त्यानं त्या जागी आडव्या लोखंडी पट्ट्या आवळल्या. “ह्या काढू नका, भाऊ. बॉडी वाकली का दार जन्मभर रुसते.”

तो चहाला गेला. पट्ट्या आड येत होत्या आणि मला घाई होती. मीच त्या खोलल्या आणि हमालांना म्हटलं, उचला.

काही महिन्यांनी बॉडी परत बसली, पण दार लागेना. “काहून लागत नाही गा?” वडील सगळ्यांसमोर गरजले. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

“माह्याच हातून चुकलं, साहेब.”

पुढे त्याच्याकडे कोणी मोटार दिली नाही. आता तो पंक्चर काढतो. वडील गेले, तरी मी तोंड उघडलं नाही.

काल चाक बसवून झाल्यावर त्यानं माझ्या स्कूटरच्या डिकीचं झाकण एका बोटानं लावलं, कान दिला.

“हे लागते, भाऊ,” तो म्हणाला.